निळी रेघ की हिरवी

पूल विभागात मी एकतीस वर्षं काढली. लग्नकार्यात कुणी नोकरीबद्दल विचारलं आणि मी खरं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, "पुलावर बाईमाणसाला काय काम?" मी म्हणायची, "कठडे पुसते." बहुतेकांचं तेवढ्यावर समाधान व्हायचं.

या अंकाच्या संपादकांनी फार लावून धरलं म्हणून आता लिहिते आहे. बांधलेल्या पुलांची यादी देण्यात मला रस नाही. ती आमच्या कचेरीच्या भिंतीवर रंगवलेली आहे आणि तिच्यातली दोन नावं चुकलेली आहेत. मी एकाच पुलाबद्दल लिहिणार आहे, कारण त्याच्या जागेपायी मी सहा महिने धड जेवले नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, अवघड काम म्हणजे पूल बांधणं. ते कष्टाचं असतं हे खरं. पण आमची खरी कसोटी लागते ती जागा ठरवताना. नदी सरळ वाहते अशी जागा लागते, कारण वळणावर पाणी एक काठ सारखं खात असतं. दोन्ही तीर टणक लागतात. पुलाला येऊन मिळणारे रस्ते लागतात आणि ते कुणाच्या तरी शेतातून, अंगणातून, दुकानातूनच जातात. या सगळ्याच्या वर, पात्राखाली खडक किती खोल आहे हे कळावं लागतं. खांब त्याच्यावर उभे राहणार असतात आणि तो तर कुणालाच दिसत नाही. नकाशावर रेघ मारायला अर्धं मिनिट पुरतं.

वारजे तेव्हा नुकतं वाढू लागलं होतं. तिथून पुढे मुठेवर पाच गाळ्यांचा एक जुना दगडी पूल होता. गाळा म्हणजे दोन खांबांमधली मोकळी जागा, जिथून पाणी जातं. पूल अरुंद, एका वेळी एकच गाडी जाईल असा, आणि नेमका नदीच्या वळणावर. पलीकडे गाव, अलीकडे शहराचा रस्ता. शहराच्या बाजूला पुलाच्या तोंडाशी सहा दुकानांची रांग होती आणि त्यातलं पहिलं हमीदभाईंचं. ते ट्रकचे पाटे बसवायचे. पाटे म्हणजे चाकाच्या वर एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, गाडीचं सगळं ओझं त्यांच्यावर असतं. त्यांच्या वडलांनी तिथे बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा चढवण्यापासून सुरुवात केली होती.

एका हिवाळ्यात मी वर्षाची तपासणी करायला गेले होते. तपासणी म्हणजे वरून चालत जायचं, चिरा पाहायच्या, वहीत 'ठीक' लिहायचं. मी वही मिटत होते तेवढ्यात हमीदभाई हात पुसत आले.

"बाई, खाली जाऊन पाहिलंत का?"

"पाणी आहे ना."

"तिसऱ्या गाळ्यावर भरलेली गाडी आली की आवाज बदलतो. दिवाळीपासून बदललाय. मी तीस वर्षं हाच आवाज ऐकतोय."

मी हसले असते. पण माणूस अगदी साधेपणानं बोलत होता, तक्रारीचा सूर नव्हता. चार दिवसांनी पाणी ओसरल्यावर मी कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि तिसऱ्या खांबाच्या बुडाशी बांबू घातला. बांबू दगडाला लागायला हवा होता. तो आत जात राहिला. माझ्या उंचीएवढा आत गेला. खांबाचा निम्मा पाया खालून वाहून गेला होता आणि वरून शाळेची मुलं, दुधाच्या गाड्या आणि स्वारगेटची बस ये-जा करत होती.

अहवाल गेला. जड वाहनांना बंदीची पाटी लागली, जी कुणी वाचली नाही. नवा पूल मंजूर झाला आणि जागेचं काम माझ्याकडे आलं.

आमचे वरिष्ठ पाटणकरसाहेब. कमी बोलायचे आणि जे बोलायचे ते दुसऱ्या दिवसापर्यंत टोचायचं. त्यांनी नकाशा पसरला आणि मी त्यावर दोन रेघा मारल्या. जुन्या जागी बांधण्यात अर्थ नव्हता, नदीनं तिथला तळ आधीच खाल्ला होता. निळी रेघ वरच्या अंगाला होती. ती पलीकडच्या तीरावर गेनूअण्णांच्या पेरूच्या बागेतून आणि त्यांच्या घरातून जात होती. हिरवी खालच्या अंगाला. तिला शहराच्या बाजूला ती सहा दुकानं आडवी येत होती.

"एकीकडे एक बाग आणि घर, दुसरीकडे सहा संसार," मी म्हणाले.

"आपण पूल बांधतो, संसार नाही," साहेब म्हणाले. "खडक काय म्हणतो ते बघा."

खडकाला विचारायची पद्धत अशी. पात्रात पोकळ नळी ठोकत न्यायची. वाळू, गोटे, माती पार करून खडक लागला की तो फिरत्या पात्यानं कापत जायचं. उसाच्या कांड्यांसारखे दगडाचे तुकडे वर येतात, ते लाकडी पेटीत ओळीनं मांडून ठेवायचे. खडक लागल्यावरही निदान पुरुषभर खोल जायचं, असा नियम. दोन्ही रेघांवर भोकं घेतली. निळीवर खडक वर लागला, हिरवीवर जरा खाली. दोन्ही चालण्यासारख्या होत्या, पण निळी सोपी होती. शिवाय दुकानं वाचत होती. मी निळीची शिफारस केली आणि सही केली.

त्याच आठवड्यात हमीदभाईंनी दुकानासमोर माझी स्कूटर थांबवली. त्यांनी चहा मागवला आणि मी घोट घेईपर्यंत काही विचारलं नाही. मग म्हणाले, "आमचं काय ठरलं?"

सांगायचं नसतं. जागा मंजूर करणाऱ्या समितीचा शिक्का बसेपर्यंत काहीच ठरलेलं नसतं, हे मला ठाऊक होतं. पण या माणसामुळे मला तो खांब कळला होता.

"तुमचं दुकान राहतंय," मी म्हणाले. "निर्धास्त राहा."

त्यांनी त्या भरवशावर पुढची ओसरी पक्की करून घेतली, नवी भट्टी लावली. मला ते पुढे कळलं.

मग गेनूअण्णा कचेरीत आले. धोतर, कोट, हातात पेरूंची पिशवी. पिशवी त्यांनी टेबलावर ठेवली आणि मी ती त्यांच्याकडे परत सरकवली.

"बाई, तितं खडक न्हाई," ते म्हणाले.

"आम्ही भोक घेतलंय अण्णा. लागलाय."

"त्यो खडक न्हवं, धोंडा हाय. नदी पूर्वी आमच्या बागेखालनं जायाची. आमच्या बापानं हीर खांदली तवा चाळीस हातावर खडक लागला. तवर निस्तं गोटं. तुमी येऊन बगा."

त्यांचं घर आणि बाग जात होती. त्यांच्या जागी मीही असंच काहीतरी सांगितलं असतं. मी "बघू" म्हणाले, म्हणजे काय हे पुण्यात सगळ्यांना कळतं. अण्णांनाही कळलं. ते पिशवी उचलून गेले. दारात वळून म्हणाले, "माजं घर हाय म्हून मी खोटं बोलतोय, आसं वाटतंय ना? वाटू द्या. पर पूल पडला तर तुमचं नाव हाय त्याच्यावर."

तीन दिवस ते वाक्य माझ्या मानगुटीवर बसलं. चौथ्या दिवशी मी कुणाला न सांगता पलीकडे गेले. बागेला दगडांचं कुंपण होतं, छातीएवढं उंच. मी त्याला हात लावला. एकही दगड कोनाचा नव्हता. सगळे गोल, गुळगुळीत, नदीनं लोळवून आणलेले, आणि सगळे त्या विहिरीतून निघालेले. ती विहीर होती काठापासून चांगली दोनशे पावलं आत.

मी उन्हात तिथेच कुंपणाला टेकून उभी राहिले. माझ्या निळ्या रेघेखाली नदीचं जुनं, बुजलेलं पात्र होतं की काय? पण मग आमच्या भोकात खडक कसा लागला?

कचेरीत परत येऊन मी पेटी काढली. दगडाच्या कांड्या मोजल्या. खडक लागल्यावर पुरुषभर खोल जायचं होतं, आमची माणसं हातभर जाऊन थांबली होती. नोंदवहीत पूर्ण खोली लिहिली होती आणि खाली माझी सही होती. त्या दिवशी मी पात्रावर नव्हतेच. समितीला दाखवायचा नकाशा रंगवत कचेरीत बसले होते. वही संध्याकाळी आली, मी सही करून पाठवून दिली.

हे मी पहिल्यांदाच जाहीरपणे लिहिते आहे. पुढे कित्येक वर्षं मी ही गोष्ट सांगताना 'ठेकेदाराच्या माणसांनी चुकीची नोंद केली' असं म्हणत आले. नोंद त्यांनी केली. तिला खरं केलं मी.

पाटणकरसाहेबांना सांगितलं. त्यांनी पेटी उघडून कांड्या स्वतः मोजल्या.

"फाइल समितीपुढे गेली आहे, हे आपल्याला माहीत आहे?"

"हो."

"आणि आता गेनूअण्णांच्या सांगण्यावरून आपण त्यांची बाग वाचवणार. लोक काय म्हणतील, याचाही अंदाज असेल."

"आहे."

"पेरू गोड होते का?"

"मी परत केले."

"ते कुणी पाहिलं?"

त्यांनी माझ्यासमोरच ठेकेदाराला फोन लावला आणि यंत्र पुन्हा पात्रात उतरवायला सांगितलं. फोन ठेवून म्हणाले, "या वेळी नकाशे मी रंगवतो. आपण तिथे उभ्या राहा."

मे महिना होता. मी डोक्यावर ओला टॉवेल घेऊन तीन दिवस यंत्राशेजारी स्टुलावर बसले. पहिल्या दिवशी वाळू. दुसऱ्या दिवशी खडक लागला, मागच्याच खोलीवर. हातभर कापला, कांड्या अखंड, काळ्याभोर, सुंदर. यंत्रवाला माझ्याकडे बघत होता. मला मनातून वाटत होतं, असाच लागत राहावा. अण्णा खोटे ठरावेत, माझी सही खरी राहावी, हमीदभाईंचं दुकान राहावं. तिसऱ्या दिवशी दुपारी, आणखी हातभर कापल्यावर, यंत्राचा आवाज एकदम हलका झाला आणि दांडा सर्रकन खाली गेला. वर आली ती वाळू. त्यात दोन गोल गोटे.

खडक नव्हता, धोंडाच होता. खाली अजून किती खोल होतं ते आमच्या दांड्यांना कळलंच नाही, ते संपले. त्याच यंत्रानं मग हिरव्या रेघेवरची भोकंही मी पूर्ण खोलीची करून घेतली. तिथला खडक खरा निघाला.

हमीदभाईंना दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मी जायचं ठरवलं. नव्या ओसरीवरचं सिमेंट अजून हिरवट होतं. मी उभ्यानंच सांगितलं. त्यांनी हातातली पट्टी भट्टीशेजारी ठेवली.

"तुम्ही म्हणाला होतात."

"म्हणाले होते."

"मग आता जे सांगताय ते तरी खरं कशावरून?"

माझ्या पिशवीत दगडाची कांडी होती, शहाण्यासारखी पुरावा म्हणून नेलेली. ती बाहेर काढायची मला लाज वाटली.

"अण्णांची बाग राहिली ना?" त्यांनी विचारलं.

"राहिली."

"बरं." एवढंच म्हणून ते आत गेले. आतून हातोड्याचे घाव सुरू झाले, तेव्हा मी निघाले.

कचेरीत मला 'पेरूवाल्या बाई' म्हणायला लागले होते. समितीत एका सदस्यानं सरळ विचारलं की, मॅडमचं मत दर महिन्याला बदलतं की पंधरवड्याला. पाटणकरसाहेब उठले आणि म्हणाले, "मत नाही, दगड बदलला. पाहायचा असेल तर पेटी बाहेर ठेवली आहे." कुणी पाहायला गेलं नाही, पण हिरवी रेघ मंजूर झाली.

त्या वर्षी श्रावणात धरणातून पाणी सोडलं. सकाळी अकराच्या सुमाराला कचेरीत फोन आला. किराणा दुकानातून हमीदभाई बोलत होते. त्या दिवसानंतर आमचं एक अक्षर बोलणं झालेलं नव्हतं.

"बाई, तिसरा गाळा ओरडतोय. ताबडतोब या."

पूल बंद करायचा तर वरचा हुकूम लागतो, पोलीस लागतात. साहेब बैठकीला गेले होते. मी निरोप ठेवला आणि निघाले. पोचले तर हमीदभाईंनी ट्रकच्या पाट्यांचा ढीग रस्त्यावर आडवा रचला होता आणि स्वतः त्याच्यापुढे उभे होते. ट्रकवाले त्यांना ओळखत असल्यामुळे थांबले होते. बसचा कंडक्टर ओळखत नव्हता.

"ऑर्डर दाखवा," तो मला म्हणाला.

"नाही."

"मग कुणाच्या हुकमानं?"

"माझ्या. नाव लिहून घ्या."

त्यानं खरंच लिहून घेतलं. पण पलीकडची बाजू उघडीच होती आणि तिकडून दुधाची गाडी वळताना दिसत होती. मी पुलावरून धावत निघाले. तिसऱ्या गाळ्यावर पायाखाली दगड हलके थरथरत होते, दात वाजावेत तसे. मी कठड्याकडे पाहिलं नाही. पलीकडे गेनूअण्णा बैलगाडी घेऊन उभे होते. मी ओरडले, "अण्णा, गाडी आडवी घाला." त्यांनी काही न विचारता घातली.

मग वाट पाहणं. अर्धा तास गेला, एक तास गेला. पूल जसाच्या तसा. दोन्ही बाजूंना माणसं जमली, कुणी घड्याळ बघत होतं, कुणी माझ्याकडे. एक गृहस्थ म्हणाले, "बाई, पूल पडण्याची वेळ टाइमटेबलात आहे का?" लोक हसले. मला वाटू लागलं, हेही चुकलं. एका वर्षात दोनदा चुकणाऱ्या इंजिनिअरला लोक काय म्हणतात याची उजळणी मी करत होते. शहराच्या बाजूच्या तीरावर हमीदभाई हाताची घडी घालून उभे होते आणि एकटक पाण्याकडे बघत होते.

सव्वा तासानं कठड्याची सरळ रेघ मध्येच वाकली. आवाज फारसा झाला नाही. तिसरा खांब वीतभर खाली बसला, मग एका अंगाला कलला आणि वरची कमान तुकड्या-तुकड्यानं पाण्यात गेली. अण्णांचा एक बैल मागे सरकला.

पुलावर कुणी नव्हतं.

नव्या पुलाला दोन वर्षं लागली. तोवर लोकांनी मोठा वळसा घालून आम्हाला शिव्या दिल्या, त्या योग्यच होत्या. दुकानदारांना विश्रांतवाडीला, शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला, दुकानांसाठी गाळे मिळाले. त्यासाठी मी खूप फायली फिरवल्या, पण जवळची जागा मिळवू शकले नाही. दुकानं पाडायच्या सकाळी मी तिथे होते. हमीदभाईंनी भट्टी स्वतः उकलली, वीट न् वीट टेम्पोत भरली. मग माझ्याकडे आले.

"एक काम करा. मला एक कागद लिहून द्या."

"कसला?"

"की तुम्ही दुकान राहील म्हणाला होतात, आणि चूक तुमची होती. माझ्या घरात सगळे म्हणतात, मी उगाच ओसरी बांधली. म्हातारा भोळा आहे म्हणतात. कागद असला की दाखवता येईल."

मी नोकरीत होते. असा कागद म्हणजे वहीवरच्या त्या सहीची लेखी कबुली. मी म्हणाले, "बघू." त्यांनी मान हलवली आणि टेम्पोत पुढे जाऊन बसले.

नवा पूल उभा राहिला, चांगला आहे, त्यावर आजही माझा जीव आहे. त्याचं काम दाखवून मला बढतीही मिळाली. कागद मात्र मी लिहिला नाही. दर वर्षी ठरवायची आणि दर वर्षी काहीतरी निघायचं.

निवृत्त झाले त्याच्या पुढच्या आठवड्यात मी एक पांढरा कागद घेतला आणि सगळं लिहिलं. धोंडा, वही, चहा, ओसरी. खाली सही केली. रिक्षानं विश्रांतवाडीला गेले. पाट्यांचं दुकान आता त्यांचा जावई चालवत होता आणि हमीदभाई मागच्या खोलीत खाटेवर बसले होते. केस पूर्ण पांढरे, पण मला लगेच ओळखलं. मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावला, खिडकीकडे धरून सावकाश वाचला, मग उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.

"तारीख नाही घातली," ते म्हणाले.

मी पेन काढलं. "कोणती घालू? तेव्हाची?"

"आजची घाला," ते म्हणाले. "दिलात तर आजच ना."

मी आजची तारीख घातली. त्यांनी जावयाला हाक मारली आणि कागद त्याच्या हातात देऊन म्हणाले, "मोठ्यानं वाच. घरातल्या सगळ्यांना बोलाव."

तो वाचत असताना मी खाली बघत बसले होते. मला कुणी उठायला सांगितलं नाही, आणि चहाही कुणी विचारला नाही.